नैवेद्य झाकून न्यावा

“पेशंट कुठाय?” हेंद्रेसाहेबांनी विचारलं.

राममंदिराच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो. हेंद्रेसाहेब, मथुआक्का आणि मी. मधे सतरंजीवर एक निळा एअरबेड फुगत होता. पंप गुरगुरत होता आणि बेडवरचे फुगे आळीपाळीनं वरखाली होत होते, झोपलेल्या म्हशीच्या पोटासारखे. अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झालेल्या माणसाला यावर निजवलं की एकाच जागी भार पडत नाही, जखमा भरून येतात, हे साहेब आम्हाला तिसऱ्यांदा सांगून झाले होते. सांगताना त्यांचा हात बेडवरून असा फिरत होता, की जणू तो त्यांनी स्वतः बसून विणला होता.

“पेशंट घरी आहे,” मथुआक्का म्हणाल्या. “पेशंट घरीच असतो.”

“हो, पण उद्या कार्यक्रमात त्यांना वर घ्यायचंय.”

“उद्या कीर्तन आहे,” आक्का म्हणाल्या. “कार्यक्रम नाही.”

साहेब हसले. मोठ्या शहरातला माणूस लहान गावात आला की हसतो, तसे. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून बेडवर चिकटवलेलं प्रतिष्ठानाचं नाव पुसलं. त्यावर धूळ नव्हती.

एरवी मी माणसांना चांगलं म्हणणारा आहे. जन्मभर कीर्तन ऐकणाऱ्याला ती सवयच लागते. आख्यानात रावणसुद्धा शेवटी उद्धरून जातो. पण हेंद्रेसाहेबांना बसेल असं आख्यान मला तेवीस वर्षांत सापडलेलं नाही. पुण्यातल्या एका प्रतिष्ठानाचे ते विश्वस्त. प्रतिष्ठानाचं नाव मी सांगत नाही. नाव घेतलं जावं ही त्यांची फार इच्छा असते, म्हणूनच.

तेव्हा चैत्र होता. तासगावात बेदाण्याचा हंगाम आणि आमच्या देवळात रामनवमीचा उत्सव. मी देवळात पेटी वाजवायचो आणि मंडळाचा चिटणीस होतो. मंडळ म्हणजे फार काही नाही. आठ-दहा माणसं, एक भोंगा आणि ही मागची खोली. खोलीत दोन व्हीलचेअर, तीन वॉकर, कुबड्यांचे काही जोड, एक लोखंडी खाट आणि कमोडची एक खुर्ची. ज्याला गरज असेल त्यानं न्यावं, काम झालं की आणून ठेवावं. भाडं नाही, अनामत नाही.

हे सगळं मथुआक्कांनी सुरू केलेलं. मथुरा माळवदे. नवरा शिंपीकाम करायचा, दीर्घ आजारात गेला. त्याच्यासाठी जमवलेल्या वस्तू आक्कांनी विकल्या नाहीत, देवळात आणून ठेवल्या. स्वतः पंचवीस वर्षं कीर्तन करत होत्या. आवाज कसा होता ते लिहून सांगता येणार नाही. पूर्वरंगात त्या एखादं पद असं उकलायच्या की डाळिंब सोलून दाणे हातावर ठेवावेत. मी पेटीवर बसून कितीदा रडलोय, आणि रडता रडता सूर चुकलाय, आणि त्यांच्याकडून कीर्तनाच्या गादीवरूनच शिव्या खाल्ल्यात.

खोलीचे नियम दोनच. पहिला, वहीत नाव लिहायचं नाही. वस्तू, गल्ली, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, बस्स. दुसरा, वस्तू झाकून न्यायची. त्यासाठी आक्कांनी नवऱ्याच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडांच्या लांबरुंद चादरी शिवून ठेवल्या होत्या. मी एकदा म्हणालो होतो, “आक्का, चादरीतून कमोडची खुर्ची कुणाला ओळखू येत नाही?”

“येते की. सगळ्यांना येते.”

“मग?”

“देवाला नैवेद्य नेताना झाकून नेतोस ना? ताटात पुरणपोळी आहे हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळतं. तरी झाकतोस. का? वाटेत कुणाची नजर पडू नये म्हणून. हाही नैवेद्यच आहे रे.”

आणि गावानंही ते मानलं होतं. भरदुपारी गल्लीतून चादर चालली की ओट्यावरचा माणूस पेपर वर करायचा. बायका निवडायच्या सुपात डोकं घालायच्या. तासगावची माणसं काही संत नव्हेत. दुसऱ्याच्या घरात कुणाची सून किती वाजता उठते हे आम्हाला पाठ असतं. पण त्या चादरीकडे कुणी बघायचं नाही.

हेंद्रेसाहेबांच्या प्रतिष्ठानाकडे अर्ज मीच केला होता. पंधरा हजारांची मदत. पुण्यात तेवढ्यात एखाद्या बारशाचं जेवण उरकलं असतं, आमच्या खोलीत त्यातून एअरबेड येणार होता, शिवाय दोन वॉकर आणि मोडक्या व्हीलचेअरची चाकं. त्या मदतीला मी नावं ठेवत नाही, आजही नाही. पण अर्जात एक रकाना होता: लाभार्थीचं नाव, वय, व्याधी. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता. मी भरला. वळणदार अक्षरात भरला. आक्कांना सांगितलं नाही. एवढं मोठं प्रतिष्ठान आपल्याला पत्र पाठवतंय, याचीच मला नशा चढली होती. चिटणीस व्हायला लागतो त्याहून थोडा जास्तच मूर्ख मी होतो.

आक्का पूजेला गेल्यावर साहेबांनी फाईल उघडून माझंच अक्षर मला दाखवलं.

“महादेव सुतार. यांना व्हीलचेअरवरून स्टेजवर आणायचं. एअरबेड मी हातात देतो, ते नमस्कार करतात, फोटो. दोन मिनिटांचं काम.”

“ते येणार नाहीत साहेब. आणि आमच्याकडे नाव घेत नाहीत.”

“दिगंबरराव, आम्ही अंधारात पैसे टाकत नाही. नाव नाही तर फोटो नाही, फोटो नाही तर रिपोर्ट नाही. मग हा बेड मला गाडीत परत टाकावा लागेल. मला वाईट वाटेल.”

वाईट वाटायची त्यांची तयारी मोठी होती. बाहेर त्यांचा माणूस सभामंडपाला फ्लेक्स बांधत होता. फ्लेक्स तेव्हा नवे नवे आले होते. रामरायाची मूर्ती दीड हाताची, फ्लेक्सवरचे हेंद्रे चार हातांचे.

दुपारी मी बेदाण्याच्या शेडवर गेलो. महादेवची बायको शेवंता तिथं निवडायला बसायची. मला बघून ती बाहेर आली.

“एअरबेड आलाय,” मी म्हणालो.

तिचे हात बेदाण्यानं चिकट झाले होते. ते तिनं लुगड्याच्या आतल्या काठाला पुसले. “कवा न्यायचा, भाऊ?”

“परवा. उद्या कीर्तनाच्या मध्यंतरात देणारेत. छोटासा सत्कार आहे.”

“सत्कार? कशाचा वो? पडल्याचा?”

“त्यांची तशी पद्धत आहे,” मी म्हणालो.

“डॉक्टर आठ दिस म्हनले हुते,” ती म्हणाली. “पाठीवरची जखम वाटीएवढी झाली. आठ दिसांत असला बेड मिळाला तर बरं, न्हाईतर मिरजेला न्या, आन् तिथं बी काय सांगता येत न्हाई. त्यातलं तीन दिस गेलं.”

“म्हणून तर म्हणतो.”

“चला. त्यास्नी तुमीच सांगा.”

घर शेडच्या मागच्याच गल्लीत होतं. महादेव पालथा पडून होता. छपराचं काम करताना पडला त्याला चार महिने झाले होते. कमरेखाली जीव उरला नव्हता, पण दारात येणाऱ्याला तो सांगायचा, पाय मुरगळलाय, पाडव्याला कामावर येतो. पाडवा होऊन गेला होता. आता तो दिवाळी सांगत होता. म्हणून शेवंता कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हती.

“दिगंबर, भाता शिवून घेतलास का पेटीचा?” त्यानं विचारलं. “परवा सुस्कारे ऐकू येत होते.”

“इथवर ऐकू येतं?”

“भोंगा आहे की. सगळं ऐकतो. आक्कांच्या चिपळ्या तर लगेच कळतात. माझ्या हातच्या हायत्या.”

खरंच, आक्कांच्या शिसवी चिपळ्या त्यानं केल्या होत्या. मजुरी घेतली नव्हती. मी घुटमळत हेंद्रेसाहेबांचं म्हणणं सांगितलं. तो ऐकून घेऊन हसला.

“न्या की. खुर्चीत बसवून न्या. पण मग परत आणू नका. तिथंच रामाच्या मागं ठेवा.”

शेवंता हसली नाही. मला दारापर्यंत सोडायला आली आणि खाली बघून म्हणाली, “मी येते, भाऊ. एकली. हात जोडते, पाया पडते, म्हनतील ते करते. नाव तेवढं घिऊ देऊ नका. भोंगा हितवर येतोय. ह्यांनी तसं ऐकलं तर बेड आला काय आन् न्हाई काय.”

“नाही घेणार,” मी म्हणालो.

एवढं बोलून मी तिथून सरळ आक्कांकडे जायला हवं होतं. साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, “बायको चालेल. बायको जास्त चांगली. पण नाव वाचावं लागेल, शिस्त आहे.” मी मान डोलावली. आक्कांकडे गेलोच नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी बेड गाडीत घालून साहेबांना वेशीपर्यंत पोचवलं असतं, आणि महादेवच्या पाठीखाली पुन्हा वाकळच आली असती. असं मी स्वतःला समजावलं. घाबरटाला कारणं फार सुबक सुचतात.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता कीर्तन उभं राहिलं. मंडप भरला होता. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत शेडवरच्या निवडणाऱ्या आणि त्यांच्या मधोमध शेवंता. नवं नाही, पण धुतलेलं लुगडं. हेंद्रेसाहेब पुढे खुर्चीवर. सगळा गाव जमिनीवर आणि हे खुर्चीवर. गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. खुर्चीशेजारी एअरबेडचं खोकं, त्याला लाल रिबीन. रिबीन बांधलेलं दुखणं मी पहिल्यांदाच बघत होतो.

आक्कांचा पूर्वरंग त्या दिवशी असा रंगला की मी मधली काही मिनिटं सगळं विसरलो. मग मध्यंतर आलं. माणसं उठून बुक्का लावायला, आक्कांच्या पाया पडायला पुढं येऊ लागली. आमच्याकडे कीर्तनकार गादीवर उभा आहे तोवर तो नारदाच्या जागी. वयानं मोठे, मानानं मोठे, सगळे वाकतात. खुद्द आक्कांच्या सासूबाई सुनेच्या पाया पडायच्या आणि घरी जाऊन तिलाच भांडी घासायला लावायच्या.

साहेब वाकले नाहीत. ते माइकपाशी आले. प्रतिष्ठान कधी स्थापन झालं ते सांगितलं. त्यांच्या वडिलांना करुणा किती होती ते सांगितलं. करुणा हा शब्द सात वेळा आला. मी पेटीच्या पट्ट्या मोजत होतो. मग ते म्हणाले, “आता लाभार्थींच्या पत्नींनी वर यावं. दिगंबरराव, आणा त्यांना.”

आणि माझं बोट उठलं.

मी हे कुठं कधी सांगितलेलं नाही. आदल्या दुपारी वचन दिलेला माणूस मीच, आणि संध्याकाळी शेवंताकडे बोट उठलं तेही माझंच. साहेबांनी हाक मारली म्हणून. खुर्चीवर बसलेल्या माणसाची हाक ऐकायची सवय हाडात असते.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक गोष्ट झाली. शेवंताच्या उजवीकडच्या बाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, नाकापर्यंत. मग डावीकडचीनं. मग मागच्या रांगेनं. बघता बघता वीस-पंचवीस बायकांची तोंडं पदराआड गेली. माझं बोट त्या सगळ्या पदरांवर फिरलं आणि कुठंच टेकेना.

साहेब वैतागले. “ठीक आहे, मी नाव वाचतो,” म्हणाले आणि फाईल उघडली. “लाभार्थी. वय एकोणपन्नास. व्याधी, कमरेखालचा भाग लुळा. नाव...”

चिपळ्या कडाडल्या.

आक्का मध्यंतरात बसलेल्या, त्या केव्हा उभ्या राहिल्या कळलं नाही. “दिगंबरा, सूर दे,” एवढंच म्हणाल्या. माझं ते बोट पेटीवर आलं. तबलजी बिचारा बुक्का लावत होता, त्यानं तशाच काळ्या हातानं थाप मारली. आक्कांनी रामनामाचा गजर धरला आणि अख्खा मंडप त्यात शिरला. साहेबांचे ओठ हलत होते. आपलंच बोलणं बुडताना बघणारा माणूस कसा दिसतो, ते त्या दिवशी तासगावानं पोटभर बघितलं.

गजर थांबला. आक्का शांतपणे म्हणाल्या, “साहेब, तुम्ही दान आणलंत. फार मोठं काम केलंत. पण कीर्तन चालू असताना मंडपात आलेलं दान गादीपुढं ठेवतात. नारदाच्या पायाशी. ते घेणारी मी. हा नियम माझा नाही, पणजोबांच्या आधीचा आहे. पुढं ते कुठं जातं ते ज्याचं तो बघतो.”

“पण बाई, आमच्या रिपोर्टमध्ये...”

“घेणाऱ्याचं नाव हवंय ना? लिहा. मथुरा केशव माळवदे. वय एकाहत्तर. दारोदार मागून आणायची जुनी व्याधी आहे. आता ठेवा.”

सभेत कुणी हसलं नाही. तासगावचे लोक अशा वेळी हसत नाहीत, घरी जाऊन हसतात. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खोकं उचलून गादीपुढं ठेवलं.

“आणि नमस्कार,” आक्का म्हणाल्या. “मला नव्हे हो. जागेला.”

पाचशे माणसं बघत होती. साहेब वाकले. गुडघा अगदी व्यवस्थित चालला. त्यांचा फोटोग्राफर, ज्याला फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं की बेड दिला की क्लिक कर, त्यानं क्लिक केलं. त्यानं काम चोख केलं. फोटोत साहेबांची पाठ आणि टक्कल आहे, वर आक्कांचा हात आहे आणि मागं फ्लेक्सवरचे चार हातांचे हेंद्रे खालच्या हेंद्र्यांकडे बघून हसताहेत.

उत्तररंगात आक्कांचा आवाज जरासुद्धा थरथरला नाही. कीर्तन संपल्यावर मी पेटी झाकत होतो, तेव्हा त्या जवळ आल्या.

“अर्ज तू भरलास.”

“हो.”

“रकाना होता म्हणून?”

“हो, आक्का.”

“रकाने रिकामे ठेवायला धाडस लागतं,” त्या म्हणाल्या. “ते नसेल तर माझं नाव घालत जा.”

एवढंच. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी खोलीत बसून बेडवरचं प्रतिष्ठानाचं नाव खोबरेल तेल लावून खरवडून काढलं. बरोबर पाठीखाली येत होतं ते; माणसानं रात्रंदिवस त्यावर जखम टेकून पडावं अशी त्यांची सोय. दुपारी चादर निघाली. पुढं मी, मागं आक्का. ओट्यावरचा पेपर वर झाला. शेवंतानं दार लावून घेतलं, आणि मगच चादर काढली.

महादेवची जखम भरायला पावसाळा उजाडला, पण भरली. मिरजेला जावं लागलं नाही. पुढं तो चार वर्षं होता. मला म्हणायचा, “दिगंबर, हा पंप रात्रभर गुणगुणतो. कुणीतरी उशाशी तंबोरा धरून बसल्यासारखं वाटतं.” त्या संध्याकाळचं त्यानं कधी काढलं नाही. एकदाच म्हणाला, “त्या दिवशी गजर मध्यंतरातच कसा काय लागला रे?” मी म्हणालो, आक्कांची लहर. तो म्हणाला, “चिपळ्या चांगल्या वाजल्या.”

दिवाळी सांगणं मात्र त्यानं सोडलं नाही, आणि आम्हीही त्याला विचारणं सोडलं नाही, काय महादेवा, यंदा येतोस ना कामावर.

हेंद्रेसाहेब पुन्हा आले नाहीत. पण त्यांच्या प्रतिष्ठानाची छोटी मदत दर वर्षी येते, ती मी घेतो. कधी वॉकर, कधी खाट, कधी एअरबेड. आता अर्ज मोबाईलवरून भरायचा असतो, पण रकाना तोच आहे. मी तो भरतो. मथुरा केशव माळवदे. दर वर्षी वय एकानं वाढवतो. आक्कांना जाऊन नऊ वर्षं झाली, अर्जात त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या आहेत आणि त्यांच्याकडे आजवर सहा वॉकर, तीन व्हीलचेअर, अकरा कुबड्या आणि दोन एअरबेड गेलेत. फोटो मी तोच पाठवतो, साहेबांच्या टकलाचा. नावासाठी, फोटोसाठी एवढा जीव टाकणाऱ्या त्या पुण्यातल्या माणसांपैकी एकानंही आजवर विचारलं नाही की एका म्हातारीला अकरा कुबड्या कशाला. पोच येते. खाली छापलेलं असतं, लाभार्थीस लवकर आराम पडो.

परवा दुपारी एक चादर आमच्या गल्लीत वळली आणि माझ्या दारात थांबली. समोरच्या ओट्यावरच्या माणसानं पेपर वर केला. चादरीखाली काय होतं ते मी सांगणार नाही.